हाती नसलेल्या मालाची विक्री : शेअर बाजारातील मंदीचा सौदा

शेअर आधी घ्यायचा आणि भाव चढल्यावर विकायचा, एवढा शेअर बाजार आपल्या बहुतेक व्यापारी बंधूंना ठाऊक असतो. परंतु आधी विकून मागाहून खरेदी करण्याचाही धंदा तेथे चालतो. त्याला शॉर्ट सेलिंग म्हणतात. जुन्या बाजारात तो मंदीचा सौदा होता. पुण्याचा स्वतःचा शेअर बाजार १९८२ साली सुरू झाला आणि २०१५ साली बंद झाला. आता रविवार पेठेतला दुकानदार असो की भवानी पेठेतला कारागीर, मोबाइलवरून थेट मुंबईच्या बाजारात सौदा करू शकतो. दोन बोटांनी होणाऱ्या या सौद्यात दुकानाचे भांडवल अडकू शकते, म्हणून तो समजून घेणे अगत्याचे आहे.

हिशेब उलटा कसा?

समजा, एका शेअरचा भाव ५०० रुपये आहे आणि तो उतरेल असा आपला अंदाज आहे. शेअर हाती नसताना आपण १०० शेअर विकले. रक्कम झाली ५० हजार. भाव ४५० झाला, तेव्हा ते परत घेतले. खर्च धरला नाही तर ५ हजार सुटले. भाव शून्यावर आला तरी जास्तीत जास्त फायदा ५० हजारांचाच.

आता दुसरी बाजू पाहू. भाव १,००० झाला तर नुकसान ५० हजार, १,५०० झाला तर एक लाख. दुकानात ५० हजारांचा माल भरला आणि सगळा जळाला, तरी त्या मालापुरते नुकसान ५० हजारांवर थांबते. मंदीच्या सौद्यात फायद्याला मर्यादा आहे, तोट्याला नाही.

डिलिव्हरीचा फास

खरा धोका मात्र भावाच्या अंदाजाहून खोल आहे. विकलेला माल कधीतरी द्यावाच लागतो. मार्च १९८२ मध्ये मुंबईत मंदीवाल्या दलालांनी रिलायन्सच्या शेअरची जोरदार विक्री केली आणि भाव १३१ वरून १२१ पर्यंत खाली आणला. कंपनीच्या बाजूच्या लोकांनी तेवढीच जोरदार खरेदी केली आणि पुढे डिलिव्हरी मागितली. मंदीवाल्यांपाशी शेअर नव्हते. मिळेल त्या भावाने ते गोळा करण्यासाठी एकच धावपळ उडाली आणि मुंबईचा बाजार तीन दिवस बंद ठेवावा लागला.

जर्मनीत २००८ साली हेच घडले. ऑक्टोबरमधील एका रविवारी पोर्श कंपनीने फोक्सवॅगनमधील आपला मोठा हिस्सा जाहीर केला. शुक्रवारी सुमारे २१० युरो असलेला भाव मंगळवारी १,००० युरोंच्या वर गेला. मंदीवाल्यांना रविवारी काहीच करता आले नाही, कारण बाजार बंद होता.

आजचे नियम

मंदीचे सौदे पुढे ओढण्याची सोय असलेली बदला पद्धत जुलै २००१ पासून बंद आहे. आज किरकोळ गुंतवणूकदार रोखीच्या बाजारात सकाळी विकून त्याच दिवशी परत घेतो. एप्रिल २००८ पासून शेअर उसने घेण्याची अधिकृत सोय आहे. त्यासाठी शुल्क पडते. तिसरा मार्ग फ्युचर्सचा. माल न देण्याची मोकळीक मात्र नाही. दिवसअखेर परत खरेदी झाली नाही आणि शेअरही देता आले नाहीत, तर बाजार लिलावातून ते घेतो आणि चढा भाव आपल्याकडून वसूल करतो. भावाला वरचे सर्किट लागले, की विकणारा कोणी नसतो आणि सुटायची वाट बंद होते.

जोखीम आवरायची कशी?

जाणकार काही पथ्ये पाळतात. एका सौद्यात किती बुडाले तर चालेल, हे आधी ठरवावे आणि सौदा तेवढाच लहान ठेवावा. स्टॉप लॉस, म्हणजे ठरावीक भावाला आपोआप खरेदीचा हुकूम, आधीच लावावा. मात्र रात्रीत भाव उडाला तर तो उपयोगी पडत नाही, हे फोक्सवॅगनने दाखवले. ज्याची उलाढाल कमी आहे असा शेअर विकू नये. मार्जिनसाठी कर्ज काढू नये. तोट्यातला सौदा सावरण्यासाठी त्यात भर घालू नये.

एवढे करूनही निकाल काय लागतो? सेबीच्या २०२४ च्या पाहणीनुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये उतरलेल्या दर १०० व्यक्तींपैकी ९३ जणांना तोटा झाला. रोखीच्या बाजारात एका दिवसाचे सौदे करणाऱ्यांपैकी २०२२-२३ मध्ये दहांतील सात जण तोट्यात होते.

शरियतचा मुद्दा

आपल्या वाचकांपुढे आणखी एक प्रश्न असतो. जे आपल्यापाशी नाही ते विकू नये, अशी ताकीद हदीसमध्ये आहे आणि बहुतेक उलेमा याच आधारे शॉर्ट सेलिंग नाजायज ठरवतात. यावर कोणी विचारील, आमचा सुतारही कपाट बनवण्याआधीच ऑर्डर घेतो, त्याचे काय? त्याला फिकहमध्ये इस्तिस्ना म्हणतात आणि तो जायज आहे. तेथे वस्तू, माप आणि किंमत ठरलेली असते आणि कारागीर ती आपल्या मेहनतीने घडवतो. शेअर कोणी घडवू शकत नाही. तो दुसऱ्याकडूनच आणावा लागतो आणि त्याने दिला नाही तर आपण अडकतो.

शरियतची ताकीद आणि बाजाराचा अनुभव येथे एकाच जागी बोट ठेवतात : माल ताब्यात नसताना विकणारा दुसऱ्याच्या मर्जीवर उभा असतो. तेव्हा ज्यांना शेअरमध्ये पैसे घालायचेच आहेत, त्यांनी मुफ्तीसाहेबांना विचारून चांगल्या कंपनीचे शेअर स्वतःच्या रोख पैशाने घ्यावेत. उतरत्या बाजाराची भीती वाटली तर हाती असलेले शेअर विकून मोकळे व्हावे. मालाचे पैसे, कारागिरांची मजुरी आणि मुलांच्या फीची रक्कम या सौद्यात घालू नये, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.