प्रकाश रंगविण्याचा सराव

फ्रान्समधील जिव्हर्नी या खेड्यात क्लोद मोने नावाचा थोर चित्रकार राहत असे. घराजवळच्या शेतात धान्याच्या पेंढ्यांच्या सुड्या रचलेल्या होत्या. १८९० व १८९१ या वर्षांत त्याने या सुड्यांची सुमारे पंचवीस चित्रे काढली. विषय एकच, परंतु कोठे सकाळचे कोवळे ऊन, कोठे मावळतीची लाली, तर कोठे बर्फावर पसरलेली निळसर छाया! उन्हाचा रंग पालटला, की मोने हातातील चित्र बाजूस ठेवी आणि त्या वेळेचे दुसरे चित्र पुढे घेई. सुड्या हे केवळ निमित्त होते. त्याला रंगवायचा होता तो त्यांच्यावर पडणारा प्रकाश.

प्रकाश कोणासाठीही थांबत नाही. छायाचित्रात मात्र त्याचा एक क्षण स्थिर होतो. असे छायाचित्र समोर ठेवून संगणकाच्या पडद्यावर लेखणीसारख्या साधनाने चित्र रंगविण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. तिच्यात कागद वाया जात नाही आणि चुकलेला फटकारा तत्काळ पुसता येतो. म्हणून सरावासाठी ती फार सोयीची आहे.

पडद्यावरचे रंग कुंचल्याच्या रंगांहून वेगळ्या रीतीने तयार होतात. पडदा असंख्य सूक्ष्म ठिपक्यांचा बनलेला असतो. प्रत्येक ठिपक्यात तांबडा, हिरवा व निळा असे तीन प्रकाश असतात आणि सामान्यतः प्रत्येकाच्या तेजाच्या २५६ पायऱ्या असतात. त्यांच्या मिश्रणातून १,६७,७७,२१६ रंग निर्माण होऊ शकतात. तांबडा आणि हिरवा रंग कागदावर कालवले, तर मळकट तपकिरी रंग मिळतो. पडद्यावर तेच दोन प्रकाश एकत्र आले, की पिवळा रंग दिसतो!

एवढे रंग हाताशी असूनही नवशिक्याचे चित्र पुष्कळदा निर्जीव वाटते. याचे कारण असे, की तो डोळ्यांना दिसणारा रंग न लावता मनाला ठाऊक असलेला रंग लावतो. भिंत पांढरी आहे हे त्याला माहीत असते. म्हणून तो ती सर्वत्र पांढरीच रंगवतो. वस्तुतः सायंकाळी उन्हातील भिंत पिवळसर नारिंगी दिसते. सूर्य क्षितिजाजवळ असताना त्याचे किरण हवेच्या अधिक जाड थरातून येतात. वाटेत निळा प्रकाश विखुरला जातो व उरलेला प्रकाश तांबूस भासतो. भिंतीच्या सावलीतील भागावर ऊन पडत नाही. तेथे मुख्यतः आकाशाचा प्रकाश पोहोचतो. म्हणून ती सावली निळसर दिसते. भिंतीशेजारी उन्हात तांबडा माठ असला, तर त्याची लालसर झाकही भिंतीवर उमटते. एका पांढऱ्या भिंतीत असे किती रंग दडलेले असतात!

उजळपणाच्या बाबतीतही मन फसवते. एडवर्ड एडेल्सन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९९५ साली बुद्धिबळाच्या पटाचे एक चित्र तयार केले. त्यातील एक घर उन्हात असून काळपट दिसते, तर दुसरे सावलीत असून पांढरट दिसते. प्रत्यक्षात दोन्ही घरांचा करडा रंग अगदी एकच आहे. आजूबाजूच्या रंगांशी तुलना केल्यामुळे हा भ्रम होतो.

यासाठी सरावाचा एक क्रम ठरवून घ्यावा. प्रथम डोळे किंचित मिटून छायाचित्राकडे पाहावे. म्हणजे बारीक तपशील नाहीसे होऊन उजेड व अंधार यांचे मोठे भाग तेवढे दिसतात. हे भाग केवळ करड्या छटांनी मांडावेत. मग रंगांकडे वळावे. रंग कोणता, तो किती उजळ आणि किती भडक वा फिका, हे तीन प्रश्न प्रत्येक भागाला विचारावेत आणि आपल्या अंदाजाने रंग निवडावा. छायाचित्रातील रंग जसाच्या तसा उचलून देणारी सोय संगणकात असते. ती आधीच वापरली, तर चित्र हुबेहूब होईल, पण डोळा काहीच शिकणार नाही. अंदाज केल्यानंतर पडताळ्यासाठी ती वापरली, तर तीच सोय शिक्षकाचे काम करते. आपली चूक नेमकी किती झाली, हे तत्काळ कळते.

छायाचित्र दुसऱ्याने काढलेले असेल, तर त्याची अनुमती घेणे आणि त्याचे नाव नमूद करणे हे चित्रकाराचे कर्तव्य आहे.

मात्र छायाचित्रालाही मर्यादा आहेत. अतिशय उजळ आणि अतिशय गडद भाग कॅमेऱ्याला अनेकदा एकाच वेळी नीट टिपता येत नाहीत. त्यामुळे सावल्या निव्वळ काळ्या होतात, किंवा आकाश कोरे पांढरे पडते. उघड्या डोळ्यांना त्याच सावलीत पाने, दगड व निळसर छटा स्पष्ट दिसतात. यास्तव पडद्यावरील सरावाला प्रत्यक्ष निरीक्षणाची जोड हवी. सायंकाळी अंगणात उभे राहून समोरच्या भिंतीकडे दहा मिनिटे पाहावे. ऊन उतरत असताना तिचा रंग किती वेळा बदलला, हे जो मोजू लागेल, त्याचा चित्रकलेचा अभ्यास खऱ्या अर्थाने सुरू झाला असे समजावे.