वैशाख पौर्णिमेची पंगत : थोडे नियोजन, थोडे गणित

वैशाख पौर्णिमा म्हणजे तथागत भगवान बुद्धांचा जन्म, संबोधी आणि महापरिनिर्वाण यांचा त्रिविध मंगल दिन. या दिवशी आपल्या घरोघरी खीर होते, ती सुजातेच्या स्मरणार्थ. उरुवेला येथे कठोर तपाने कृश झालेल्या सिद्धार्थ गौतमांना तिने दुधात शिजविलेल्या तांदळाची खीर दिली. आयुष्यातील शेवटचे भोजन तथागतांनी चुंद या धातुकाम करणाऱ्या कारागिराकडे घेतले. त्याच्या मनाला टोचणी लागू नये म्हणून संबोधीपूर्वीचे आणि परिनिर्वाणापूर्वीचे ही दोन्ही भोजने समान फळ देणारी आहेत, असे त्यांनी सांगितल्याचे महापरिनिब्बान सुत्तात येते. म्हणजे अन्नाइतकेच अन्न देणाऱ्याचे मनही महत्त्वाचे.

आपल्याकडे मात्र पुष्कळदा काय होते? बाहेरच्या खोलीत वंदना चालू असते आणि पहाटेपासून शेगडीजवळ उभ्या असलेल्या आई-बहिणींना त्रिशरण-पंचशील भिंतीपलीकडून ऐकावे लागते. त्या जेवतात सर्वांत शेवटी. समतेचा धम्म स्वीकारलेल्या घरात हे शोभत नाही. यावर उपाय आहे तो नियोजनाचा. पन्नास माणसांची पंगत धरून तो पाहू.

प्रथम वेळ. भिक्खूसंघ मध्यान्हानंतर भोजन घेत नाही. त्या दिवशी अष्टशील पाळणारे उपासक-उपासिकाही घेत नाहीत. म्हणून पंगत अकरा वाजता बसली पाहिजे. सारा हिशेब तेथून मागे मांडावा. साडेनऊला वंदना, म्हणजे सव्वानऊला शेगड्या बंद. त्याआधी खीर, वरण, भाजी तयार आणि कणीक मळून ओल्या फडक्याखाली झाकलेली. भात आणि पुऱ्या तेवढ्या वंदनेनंतर, सव्वादहाला सुरू कराव्यात. दोन कढया आणि लाटायला पाच-सहा हात असले की काम वेळेत उरकते. हे हात घरातील पुरुषांचे आणि तरुण मुलांचे असावेत. धान्य निवडणे, वेलची कुटणे, मोठी भांडी आणणे ही कामे आदल्या दिवशीच उरकावीत.

आता प्रमाण. माणशी पाच पुऱ्या धरल्या तर अडीचशे होतात. एक किलो कणकेत साधारण चाळीस पुऱ्या निघतात, म्हणून सहा-साडेसहा किलो कणीक लागते. बटाटे सहा किलो, तांदूळ चार किलो, तूरडाळ दोन किलो, कोशिंबिरीसाठी काकडी तीन किलो. तळणीला तेल चार लिटर जवळ असावे. खिरीसाठी दूध दहा लिटर, तांदूळ एक किलोपेक्षा थोडा कमी आणि साखर सव्वा किलो.

खिरीचा तांदूळ अर्धा तास भिजवून निथळावा आणि तुपावर हलका परतावा. जाड बुडाचे पातेले आधी पाण्याने विसळून मग त्यात दूध ओतावे, म्हणजे ते बुडाला कमी लागते. दुधाला उकळी आली की तांदूळ घालावा आणि उलथने तळापासून फिरवीत राहावे. साखर तांदूळ पूर्ण शिजल्यावरच घालावी. आधी घातली तर दाणा लवकर शिजत नाही. उकळत्या दुधात गूळ टाकू नये, दूध फाटते. निवल्यावर खीर घट्ट होते, म्हणून थोडी पातळ असतानाच उतरवावी.

सर्वांत मोठी काळजी उन्हाची. वैशाखात विदर्भात पारा चाळिशी ओलांडतो. खीर रात्रीच करून ठेवणे सोयीचे वाटते, परंतु ते धोक्याचे आहे. तांदळातील काही जीवाणूंचे बीज उकळल्यानेही मरत नाही. अन्न कोमट राहिले की ते वाढतात, आणि त्यांनी तयार केलेले विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. म्हणून खीर सकाळीच करावी, झाकून कढत पाण्याच्या मोठ्या पातेल्यात ठेवावी आणि गरमच वाढावी. पितळेचे भांडे असेल तर कल्हई पाहून घ्यावी. उरलेली खीर दुपारपर्यंत बाहेर न ठेवता जेवण संपताच शेजारी वाटून टाकावी.

शेवटी पैसा. बँकेत काम करताना एक गोष्ट नेहमी दिसते. समारंभासाठी काढलेले छोटे कर्ज, जेवणाची चव विसरली तरी हप्त्यांच्या रूपाने घरात राहते. सिगालोवाद सुत्तात तथागतांनी मिळकतीचे चार भाग सांगितले आहेत : एक उपभोगासाठी, दोन व्यवसायासाठी आणि चौथा अडीअडचणीसाठी राखून ठेवण्याचा. पंगतीचा खर्च पहिल्या भागातून व्हावा, चौथ्याला हात लागू नये. वर्षभराची लहानशी आवर्त ठेव त्यासाठी पुरते. तेवढ्यात पन्नास पाने होत नसतील तर पंचवीस करावीत, किंवा चार घरांनी मिळून पंगत घालावी. यंदा काय आणले, किती उरले, हे वहीत लिहून ठेवले म्हणजे पुढील वर्षीचे निम्मे काम होते.

ज्या समाजाला १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याच्या पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, त्या समाजाच्या घरी आज सर्व जातींचे शेजारी आणि कचेरीतील सहकारी एका ओळीत बसून जेवतात, ही साधी गोष्ट नाही. त्या ओळीत स्वयंपाक करणारीचे पानही सर्वांबरोबरच मांडले गेले पाहिजे. माणसे मोजताना पहिला आकडा तिचा धरावा.