अॅझ्टेक समाज आणि निसर्ग : ऋण व श्रम

निसर्गाविषयीची श्रद्धा आणि निसर्गाशी होणारा व्यवहार या दोन गोष्टी एकरूप असतातच असे नाही. मेक्सिकोतील अॅझ्टेक समाजाचा विचार करताना हा भेद आम्हांस महत्त्वाचा वाटतो.

टेस्कोको सरोवरातील बेटावर त्यांनी इ. स. १३२५ च्या सुमारास टेनोच्टिट्लान हे नगर वसविले. जमीन अपुरी असल्याने उथळ पाण्यात लव्हाळी व गाळ यांचे थर रचून आणि कडेला वाळुंजाची झाडे लावून ‘चिनाम्पा’ नावाचे मळे तयार करण्यात आले. कालव्यांतील गाळ व मैला खत म्हणून वापरल्याने तेथे वर्षातून अनेक पिके निघत. खारे पाणी गोड्या पाण्यात मिसळू नये म्हणून पंधराव्या शतकात सुमारे १६ किलोमीटर लांबीचा बांध घालण्यात आला.

धर्मकल्पना मात्र निराळी होती. देवांनी आत्मबलिदान करून सूर्यास गती दिली, ते ऋण माणसाने रक्ताने फेडावे, असे मानले जाई. पर्जन्यदेव त्लालोक याला बालके बळी दिली जात. महामंदिराच्या उत्खननात १९८० मध्ये अशा ४२ बालकांचे अवशेष सापडले.

१५२१ मध्ये स्पॅनिश आक्रमणाने हे राज्य संपले. पुढे त्या राजवटीने सरोवरही आटविण्यास प्रारंभ केला. बळी थांबले, तरी सूर्य उगवत राहिला आणि पाऊसही पडत राहिला. सोचिमिल्को येथे काही चिनाम्पांवर आजही शेती होते. जे टिकले, ते श्रमणाऱ्यांचे ज्ञान होय.