दवाखान्याच्या दारातला ‘दंड’ : भरायचा की जाब विचारायचा?

वडगाव निंबाळकर, कोऱ्हाळे, सोमेश्वरनगर या पट्ट्यातील माणूस आजारी पडला की आधी गावचा डॉक्टर, मग बारामती किंवा फलटण आणि दुखणे मोठे निघाले तर पुणे, हा ठरलेला रस्ता आहे. मोहल्ल्यात अशा वेळी गाडी निघते ती व्यापाऱ्याची किंवा कारागिराची. फळवाल्याचा टेम्पो, गादीवाल्याची पिकअप, वेल्डिंगवाल्याची मोटारसायकल. रुग्ण आत जातो आणि गाडी बाहेर उभी राहते. तिचे मीटर मात्र रात्रंदिवस चालू असते.

समजा, दर दोन तासांना वीस रुपये आहे. म्हणजे दिवसाचे दोनशे चाळीस आणि पाच दिवसांचे बाराशे. त्यात घाईगर्दीत चिठ्ठी हरवली तर ‘चिठ्ठी हरवल्यास पाचशे रुपये दंड’ असा फलक दाखवला जातो. औषधाच्या खर्चाने बेजार झालेला माणूस वाद न घालता पैसे मोजून मोकळा होतो. ठेकेदाराचा धंदा बराचसा या मोकळे होण्यावरच चालतो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

येथे दोन गोष्टी वेगळ्या करून पाहिल्या पाहिजेत. शुल्क निराळे आणि दंड निराळा. खासगी इस्पितळाने आपल्या आवारात आधी ठळक फलक लावून वाजवी शुल्क घेतले तर तेवढ्याने तो गुन्हा होत नाही. दंड करण्याचा अधिकार मात्र कायद्याने नेमलेल्या अधिकाऱ्याचा, म्हणजे वाहतूक पोलिसासारख्याचा आहे. शिट्टी आणि खाकी शर्ट घातला म्हणून ठेकेदाराचा माणूस पोलीस होत नाही. त्याच्या फलकावरील ‘दंड’ हा फार तर कराराचा भाग ठरतो आणि कराराला १८७२ सालचा भारतीय करार कायदा लागू आहे.

या कायद्याचे कलम ७४ व्यापाऱ्याने तर पाठच करावे. करार मोडल्यास अमुक रक्कम द्यावी लागेल असे लिहिलेले असले तरी दुसऱ्या पक्षाला मिळते ती वाजवी भरपाई. लिहिलेली रक्कम ही फक्त तिची वरची मर्यादा असते. फतेहचंद विरुद्ध बालकिशनदास या १९६३ सालच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे सांगितले. पुढे २०१५ साली कैलाशनाथ असोसिएट्सच्या खटल्यात, नुकसानच झालेले नसेल तर भरपाई कसली, हेही स्पष्ट केले. आता विचारा, चिठ्ठी हरवल्याने ठेकेदाराचे पाचशे रुपयांचे नुकसान कसे झाले? गाडी केव्हा आली हे नोंदवहीत आणि कॅमेऱ्यात असते, गाडी कोणाची हे आर.सी. बुकावरून कळते. मग तेवढ्या वेळाचे शुल्क घ्यावे आणि विषय संपवावा.

विलायतेत हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. बॅरी बेव्हिस नावाच्या गृहस्थाचे मासळी व चिप्सचे दुकान होते. चेल्म्सफर्डमधील दोन तासांच्या मोफत वाहनतळावर त्याची मोटार छप्पन्न मिनिटे जास्त उभी राहिली आणि पार्किंगआय कंपनीने ८५ पौंड मागितले. २०१५ साली दुकानदार हरला. वाहनतळ नीट चालावा यात कंपनीचा रास्त हितसंबंध आहे आणि रक्कम अवाजवी नाही, असे न्यायाधीश म्हणाले. तेथे इस्पितळांच्या वाहनतळांवरूनही अशा नोटिसा घरी येतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१२ च्या कायद्याने, चालक कोण होता हे कळले नाही तरी ठरावीक अटींवर नोंदणीकृत मालकाकडून पैसे मागता येतात. आपल्या कलम ७४ ची भाषा निराळी आहे, म्हणून तिकडचा निकाल कोणी तोंडावर फेकला तर घाबरू नये.

मुळात शुल्कच घ्यावे का, हाही वाद जुना आहे. इमारतीचा नकाशा मंजूर करताना वाहनांसाठी जागा सोडणे बंधनकारक असते आणि ती जागा चटई क्षेत्रात मोजली जात नाही. बांधणाऱ्याला ही सवलत मिळाल्यावर त्याच जागेचे पुन्हा पैसे का? याच धर्तीच्या वादात गुजरात उच्च न्यायालयाने जुलै २०१९ मध्ये मॉलवाल्यांच्या विरोधात निकाल दिला. त्याच वर्षी पुणे महापालिकेतही मॉल व मल्टिप्लेक्समधील पार्किंग मोफत करण्याचा निर्णय झाला होता. तथापि हे सर्व मॉलबद्दल आहे आणि इतर राज्यांत निकाल एकसारखे लागलेले नाहीत. तेवढ्या आधारावर इस्पितळात ‘मी एक पैसाही देणार नाही’ म्हणून अडून बसणे शहाणपणाचे नाही. जास्तीच्या रकमेवर बोट ठेवावे, तेथे आपली बाजू भक्कम आहे.

तिसरा फलक सर्वांच्या परिचयाचा : ‘वाहने मालकाच्या जबाबदारीवर’. कारागिराच्या गाडीत ड्रिल मशीन, ग्राइंडर, शिलाई यंत्र असते. हत्यारे गेली तर रोजी गेली. दिल्लीच्या ताज महाल हॉटेलातून १९९८ साली पाहुण्याची मारुती झेन चोरीस गेली. चिठ्ठीवर मालकाच्या जबाबदारीचा मजकूर छापलेला होता. तरीही १४ नोव्हेंबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हॉटेललाच जबाबदार धरले. दुसऱ्याची वस्तू ताब्यात घेतली की तिची योग्य काळजी घेणे कलम १५१ प्रमाणे भाग आहे. चोरी आपल्या निष्काळजीपणाने झाली नाही हे दाखवल्याशिवाय छापील ओळीमागे लपता येत नाही. अर्थात तेथे चावी हॉटेलच्या माणसाकडे दिलेली होती. आपली चावी आपल्याच खिशात असेल तर दावा अवघड होतो. हत्यारे गाडीत ठेवू नका, हे सांगायला वकील लागत नाही.

आता प्रत्यक्ष काय करायचे? फाटकावरील मुलाशी भांडू नका. तो रोजंदारीवर असतो, कदाचित आपल्याच कोणाचा मुलगा असेल. पावती मागा. तिच्यावर ठेकेदाराचे नाव, वेळ आणि रक्कम आहे का पाहा. ठरल्याप्रमाणे पावती न देणे हीच ग्राहक कायद्याखाली अनुचित व्यापारी प्रथा आहे. दरफलकाचे छायाचित्र घ्या. फलक झाडाआड किंवा फाटकाच्या आतल्या बाजूस असेल तर तेही टिपून ठेवा. रुग्ण गाडीत असताना हुज्जत परवडत नाही. पैसे द्या, पण पावतीच्या मागे ‘हरकत ठेवून भरले’ असे लिहून तिचा फोटो काढा. पैशासाठी माणसालाच बाहेर जाऊ देत नसतील तर ११२ वर फोन करावा.

नंतर इस्पितळाचे व्यवस्थापन आणि ठेकेदार या दोघांनाही लेखी पत्र स्पीड पोस्टाने पाठवावे. ‘ते ठेकेदाराचे काम’ असे म्हणून इस्पितळाला अंग झटकता येऊ नये म्हणून दोघांचीही नावे घालावीत. उत्तर आले नाही तर ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे आणि त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने आपण जेथे राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. गाडी फलटणला, म्हणजे सातारा जिल्ह्यात, उभी असली तरी वडगावच्या माणसाला पुण्याचाच आयोग चालतो. पाच लाखांपर्यंत मोबदल्याच्या व्यवहारास फी नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे.

व्यापाऱ्यांसाठी एक अडचण सांगणे जरूर आहे. इस्पितळाला गाद्या, फळे किंवा लोखंडी खाटा पोहोचवायला गाडी गेली असेल तर ‘ही व्यापारी कामासाठी घेतलेली सेवा आहे, हा ग्राहकच नव्हे’ अशी हरकत समोरून येऊ शकते. त्यामुळे मालाच्या फेऱ्यांच्या पार्किंगचे इस्पितळाच्या खरेदी विभागाशी आधीच ठरवून ऑर्डरवर लिहून घ्यावे. आजाऱ्याला नेणारी तीच गाडी मात्र या हरकतीत बसत नाही.

सरकारी रुग्णालयाच्या आवारात ठेका असेल तर काम सोपे आहे. माहितीच्या अधिकारात दहा रुपये भरून ठेक्याच्या कराराची प्रत आणि मंजूर दरपत्रक मागावे. तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते, न दिल्यास अपील आहे. करारात दहा रुपये आणि पावतीवर वीस, असे निघाले तर तो कागद पावतीला जोडून रुग्णालयाच्या अधीक्षकांकडे लेखी तक्रार द्यावी व पोच घ्यावी.