चिकन हलाल आहे का? : ऑटोमेशनची कामे आणि घरबसल्या रोजी

शुक्रवारी दुपार कलली की केळव्यात ज्यांच्या घरी पाहुण्यांच्या राहण्या-जेवणाची सोय आहे, त्यांना फोन खाली ठेवता येत नाही. मुंबई, वसई, विरारहून विचारणा सुरू होते. रूम खाली आहे का? सहा माणसांचे किती? लहान मुलाचे वेगळे पैसे घेता का? जेवणात मासे कोणते? केळवे रोड स्टेशन समुद्रापासून काही किलोमीटर आत, त्यामुळे ‘रिक्षा मिळेल ना?’ हा प्रश्न हमखास. उत्तर देणारी बाई तीच, जी त्या वेळी स्वयंपाकघरात आहे आणि थोड्या वेळाने चादरी बदलायला जाणार आहे. तासाभराने उत्तर गेले, तर तोवर गिऱ्हाईकाने दुसरीकडे ॲडव्हान्स भरलेला असतो.

या एका अडचणीवर इलाज करून देणे हे आता एक स्वतंत्र काम झाले आहे. व्हॉट्सॲपवर आलेला मजकूर, गूगल शीटमधली बुकिंगची वही आणि चॅटजीपीटी किंवा जेमिनीसारखे कृत्रिम बुद्धिमत्तेचे साधन यांची एकमेकांशी जोडणी करायची. मेक, झॅपियर, एनएटएन अशी जोडणी करणारी साधने त्यासाठी मिळतात. त्यांत बरेचसे काम पडद्यावरचे चौकोन रेषांनी जोडूनच होते, प्रोग्रॅम थोडाच लिहावा लागतो. बारावी किंवा बीकॉम झालेली, इंग्रजी वाचून समजणारी आणि चिकाटी असलेली मुलगी किंवा मुलगा काही महिन्यांत हे शिकू शकतो. तारापूर एमआयडीसीत ठेकेदाराकडची बारा तासांची पाळी किंवा मुंबईची पहाटेची लोकल, एवढ्या दोनच वाटा ज्या घरांना दिसतात, त्यांच्यासाठी ही तिसरी वाट आहे. मात्र ‘महिन्याला लाखभर, तेही झोपेत’ असे सांगून कोर्स विकणाऱ्यांची जाहिरात खरी मानून कोणी फीचे पैसे उसने काढू नयेत, असे आम्हाला कळकळीने सांगायचे आहे. हे काम सुताराच्या कामासारखे आहे. माप घ्यावे लागते, बसवावे लागते आणि दार घासू लागले की पुन्हा जावे लागते.

हे काम प्रत्यक्षात कसे चालते ते पाहू. पाहुण्याने लिहिले, ‘शनिवारी सहा जण, दोन बच्चे, व्हेज नको.’ मराठी, हिंदी, गुजराती सगळे एकाच ओळीत, तेही बऱ्याचदा इंग्रजी अक्षरांत. अशा वाक्यातून तारीख, माणसे, मुले आणि जेवण एवढे वेगळे काढणे कृत्रिम बुद्धिमत्तेला चांगले जमते. पुढे त्या तारखेला खोली रिकामी आहे की नाही, हे मात्र तिला विचारायचे नाही. ते शीटमधून पाहायचे. दर शीटमधून, नियम शीटमधून. मग उत्तराचा मसुदा तयार होतो, तो मालकिणीच्या फोनवर जातो, ती ‘पाठव’ म्हणते आणि मगच तो पाहुण्याला पोहोचतो. वाचायचे काम यंत्राचे, माहिती वहीची आणि होकार माणसाचा. ही वाटणी ज्याला समजली, त्याला या धंद्यातले निम्मे समजले.

आता खरी मेख. एखादे मुस्लिम कुटुंब विचारते, ‘चिकन हलाल आहे का?’ ही यंत्रे शब्दाला शब्द जोडून सर्वांत शोभेल असे वाक्य तयार करतात. ठाऊक नसले तरी गोड उत्तर देण्याकडे त्यांचा कल असतो. मोकळे सोडले तर ते लिहून जाईल, ‘हो, आमच्याकडे सर्व जेवण हलाल आहे.’ मालकिणीने असे कधी सांगितलेले नसेल, कोंबडी कोणाकडून येते हे यंत्राला माहीत असण्याचे कारणच नाही. पाहुणे विश्वासाने येतील, मुलाबाळांसह जेवतील. या उत्तराची जबाबदारी कोणाची? यंत्राची तर नक्कीच नाही. बनवणाऱ्याने असे प्रश्न आधीच वेगळे काढून ठेवले पाहिजेत. हलाल, ॲलर्जी, औषध, पोहण्याची सुरक्षितता, पैसे परत मिळणे, अशा शब्दांचा वास आला की यंत्राने गप्प बसायचे आणि ‘मालक स्वतः सांगतील’ एवढेच लिहायचे.

याबाबत एक प्रकरण जगभर गाजले. एअर कॅनडाच्या संकेतस्थळावरच्या चॅटबॉटने घरी मृत्यू झालेल्या एका प्रवाशाला सांगितले की सवलतीसाठीचा अर्ज प्रवासानंतरही करता येतो. कंपनीचा नियम तसा नव्हता. प्रवाशाने पैसे मागितले, तेव्हा चॅटबॉट हा आपल्या कृतीला स्वतः जबाबदार असल्यासारखा बचाव कंपनीने केला. ब्रिटिश कोलंबियातील न्यायाधिकरणाने फेब्रुवारी 2024 मध्ये तो फेटाळला आणि सुमारे 812 कॅनेडियन डॉलर द्यायला लावले. रक्कम मोठी नाही. पण संकेतस्थळावरचा प्रत्येक शब्द कंपनीचाच, मग तो पानावर असो की बॉटच्या तोंडी, हे त्यातून ठरले. केळव्यातल्या चार खोल्यांच्या मालकिणीलाही तोच न्याय लागू पडतो, फक्त तिच्याकडे वकील नसतो.

बोईसरकडे काम वेगळ्या तऱ्हेचे आहे. तिथे मोठ्या कारखान्यांच्या आधाराने जॉबवर्क करणारे छोटे गाळे आहेत: लेथ, फॅब्रिकेशन, पॅकिंग, वाहतूक. त्यांच्याकडे पाहुणे येत नाहीत, पीडीएफ येतात. खरेदीची ऑर्डर मेलवर येते, कोणीतरी ती पाहून टॅलीत पुन्हा टाइप करतो, एक शून्य इकडचे तिकडे होते. ऑर्डरमधले नग, दर आणि तारीख वाचून शीटमध्ये उतरवणे, आणि थकलेल्या बिलांची दर सोमवारी यादी मालकाच्या फोनवर पाठवणे, इतक्या दोन गोष्टींसाठीही गाळेवाला पैसे द्यायला तयार होतो, कारण त्याचा जीव बिलांत अडकलेला असतो.

मोबदला आणि लिखापढी

आपल्या मुलांचे नुकसान सर्वांत जास्त इथे होते. ‘भाईजान, तुम्ही द्याल ते’ म्हणून काम सुरू करायचे आणि चार महिने ‘एवढे जरा बदलून दे’ ऐकत राहायचे. इस्लामी फिक्हमध्ये मजुरीच्या कराराला इजारा म्हणतात. त्यात काम कोणते आणि मोबदला किती, हे दोन्ही आधी स्पष्ट असावे लागते. मुदतीचा देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद सूरह अल-बकराच्या 282 व्या आयतीत आहे, आणि पवित्र कुरआनातील ती सर्वांत लांब आयत आहे. मामूचे दुकान असले तरी कागद हवा. मजकूर साधा असावा: कोणत्या तीन गोष्टी करून देणार, कोणत्या करणार नाही, बदल किती वेळा फुकट, पैसे केव्हा, आणि बिघडले तर किती वेळात पाहणार.

दर ठरवताना एक हिशेब उपयोगी पडतो. समजा, एका घरी शुक्रवार-शनिवार मिळून 60 विचारणा येतात आणि प्रत्येकीला 4 मिनिटे जातात. ते झाले 4 तास. महिन्याचे 16. त्यातले निम्मे वाचले तरी ते 8 तास आणि उशिरामुळे हातचे गेलेले एखाद-दुसरे बुकिंग, यांची किंमत मालकीण स्वतःच सांगू शकते. आपला मोबदला त्या किमतीपेक्षा कमी असला की घासाघीस लांबत नाही. बनवण्याचे एकरकमी आणि देखभालीचे महिन्याचे, असे दोन भाग करावेत. देखभालीचे पैसे मागायला संकोच वाटतो, पण व्हॉट्सॲपचे नियम बदलतात, साधनांच्या आवृत्त्या बदलतात, आणि ऐन दिवाळीच्या सुटीत जोडणी बंद पडली की फोन आपल्यालाच येतो.

खर्च आधी सांगावा. व्हॉट्सॲप बिझनेसचे साधे ॲप फुकट आहे. त्यातली तयार उत्तरे, लेबले आणि कॅटलॉग एवढ्यावर भागत असेल तर प्रामाणिकपणे तेवढेच लावून द्यावे आणि त्याचे थोडे पैसे घ्यावेत. जुम्याच्या वेळी दुकान बंद असल्याचा निरोप त्यातूनच जातो, त्याला कृत्रिम बुद्धिमत्ता लागत नाही. पुढची पायरी म्हणजे कंपनीची अधिकृत जोडणी. तिथे सध्या गिऱ्हाईकाने लिहिल्यापासून 24 तासांत दिलेल्या साध्या उत्तराला पैसे पडत नाहीत, पण आपण होऊन पाठवलेल्या जाहिरातीच्या संदेशाला पडतात. चोरवाटेने जोडणी करणारी स्वस्त साधने मिळतात. ती वापरली तर नंबर कायमचा बंद होऊ शकतो, आणि वीस वर्षांचा तो नंबर पाटीवर, कार्डावर, रिक्षांवर छापलेला असतो. सगळी खाती गिऱ्हाईकाच्याच नावाने आणि त्याच्याच ईमेलवर उघडावीत. पासवर्ड आपल्या हातात ठेवून माणसाला बांधून ठेवणे ही अमानतीत खयानत आहे.

पैसे थकले तर? उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते, एजंटाला पैसे देऊ नयेत. नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला, सेवा देणाऱ्यालाही, घेणाऱ्याने जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यावेत असा 2006 चा कायदा आहे. उशिरावर चक्रवाढ व्याजाचीही त्यात तरतूद आहे. त्या व्याजाबाबत आपल्या आलिमांना विचारावे, मुद्दल मागताना मात्र लाजू नये. मजुराचे पैसे लांबवू नयेत ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण मागणाऱ्यालाही बळ देते. सेवेची वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या आत असेपर्यंत साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही.

पाहुण्यांचे आधार कार्ड

राहायला येणारे लोक ओळखपत्राचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवतात. जोडणी बेफिकिरीने केली तर तो फोटो कृत्रिम बुद्धिमत्तेच्या परदेशी सर्व्हरवर जातो, शीटमध्ये राहतो, आणि शीटची लिंक तिघा-चौघांकडे असते. एखाद्या लेकीसुनेचा फोटो, पत्ता, जन्मतारीख. डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदा 2023 मध्ये झाला आहेच, पण कायद्याआधीही ही परक्याची अमानत आहे. फोटो आला की यंत्राने त्याला हात लावू नये, अशी जोडणी करता येते. पाहुण्यांना ‘मास्क्ड आधार’ पाठवायला सांगावे; त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. मुक्काम संपल्यावर किती दिवसांनी काय पुसायचे, हे मालकाशी बोलून कागदावर घ्यावे.

काही कामे समोर येतील ती नाकारावी लागतील. खोटे अभिप्राय लिहिणारी यंत्रणा, व्याजी कर्जवाल्यांसाठी तगाद्याचे फोन, दुसऱ्याच्या नंबरांच्या याद्यांवर जाहिरातींचा मारा. पैसे यात पटकन मिळतात, म्हणूनच घरातल्या वडीलधाऱ्यांनी ‘काय बनवतोस?’ हे विचारत राहावे. ‘किती मिळाले?’ एवढेच विचारून चालणार नाही.

आणखी एक प्रश्न आम्हाला सोपा वाटत नाही. बोईसरच्या गाळ्यात ऑर्डरी टाइप करणारा जो मुलगा आहे, त्याचे काय? तोही कोणाच्या तरी घरची रोजी आहे. आपल्या जोडणीने त्याचे अर्धे काम जाते. मालकाने त्याला काढायचे ठरवले तर आपण अडवू शकत नाही, पण सुरुवातीलाच सुचवू शकतो की यंत्राने वाचलेले तपासायला माणूस लागणारच आहे, आणि आकड्यांतली चूक ओळखायला त्या मुलाइतका तयार दुसरा कोणी नाही. देखभालीचे साधे शिक्षण त्यालाच द्यावे. सगळे मालक ऐकतील असे नाही.

मुलींसाठी या कामात खरी सोय आहे. आदरणीय खदीजा (र.) यांचा व्यापार काफिल्यांबरोबर शाममध्ये जात असे आणि त्या स्वतः मक्केत राहून विश्वासू माणसांमार्फत तो चालवत, प्रेषित (स.) यांनीही त्यांचा माल नेला होता. घरात राहून कारभार करणे आपल्याकडे नवे नाही. अडचण घरातल्या दुसऱ्या गोष्टींची असते. लॅपटॉप भावाचा, इंटरनेट अब्बांच्या फोनवरचे, आणि काम ऐन रंगात असताना ‘जरा चहा ठेव’ अशी हाक. रोज तीन तास एक खोली, एक दार आणि स्वतःचे बँक खाते एवढे दिले तर पुरे.

सुरुवात कोठून करावी? ओळखीच्या एकाच दुकानापासून, आणि पहिल्या आठवड्यात कॉम्प्युटर उघडूच नये. मालकाशेजारी वही घेऊन बसावे आणि दिवसभरात कोणता प्रश्न किती वेळा आला, उत्तर कोणी दिले, कशाला उशीर झाला, ते लिहावे. शनिवारी संध्याकाळी मोजावे. ज्या प्रश्नापुढे सर्वांत जास्त रेघा पडल्या असतील, तेवढ्याचीच जोडणी आधी करावी.