ॲपमध्ये काय असावं हे ठरवतो कोण? ‘टेक्निकल प्रॉडक्ट मॅनेजर’ची नोकरी समजून घ्या

यवतमाळ : कॉम्प्युटर शिकणाऱ्या पोरांच्या तोंडी आजकाल ‘टेक्निकल प्रॉडक्ट मॅनेजर’ हे नाव ऐकू येते. घरच्यांना वाटते, हा माल विकणारा मॅनेजर असेल. तसे नाही. ॲप कोणासाठी करायचे, त्यात काय ठेवायचे, काय गाळायचे आणि आधी काय करायचे हे ठरवणारा तो माणूस. कोड लिहिणारे इंजिनिअर वेगळे असतात.

आपल्याच ॲपचे उदाहरण घ्या

१५ ऑगस्ट २०२१ पासून ‘ई-पीक पाहणी’ राज्यभर सुरू झाली. महसूल व कृषी विभागाचा हा प्रकल्प टाटा ट्रस्टच्या मदतीने झाला. आधी पेरा तलाठी लिहायचे, आता कास्तकार स्वतः वावरात उभा राहून फोटो काढतो आणि नोंद सातबाऱ्यावर चढते. हमीभावाची खरेदी असो की नुकसानीची मदत, ही नोंद कामी येते. म्हणून नोंद राहिली तर फटका थेट खिशाला.

आता विचार करा. धुऱ्यावर रेंज नसेल तर काय? पऱ्हाटीत तुरीच्या ओळी असतील तर कोणते पीक टाकायचे? ज्या म्हाताऱ्याकडे साधा फोन आहे त्याची नोंद कोण करणार? चुकून सोयाबीनऐवजी दुसरेच पीक टाकले तर?

हे प्रश्न शोधून त्यांचा निकाल लावणे, हेच प्रॉडक्ट मॅनेजरचे काम. २०२२ च्या खरिपात ॲपची दुसरी आवृत्ती आली. त्यात नोंद ४८ तासांच्या आत एकदा दुरुस्त करायची सोय झाली. फोटो काढताना आपण गटापासून किती लांब आहोत हे दिसू लागले. शेतकऱ्याने केलेली नोंद ग्राह्य धरून तलाठ्याने किमान १० टक्के नोंदी तपासायच्या, असे ठरले. यातली एकेक गोष्ट कोणीतरी बसून ठरवलेली आहे.

मग ‘टेक्निकल’ कशाला?

कारण नुसते ‘रेंज नसताना चालले पाहिजे’ म्हणून भागत नाही. रेंज नसेल तर माहिती फोनमध्येच साठवावी लागते आणि रेंज आली की वर पाठवावी लागते. एकाच गटाची नोंद दोन फोनवरून झाली तर खरी कोणती? शेवटच्या तारखेला लाखो लोक एकदम आले तर सर्व्हर टिकेल का? हे इंजिनिअरसोबत बसून ठरवायचे, तर त्यांची भाषा समजली पाहिजे.

प्लॅटफॉर्म म्हणजे बाजार समितीसारखी जागा. समिती स्वतः माल घेत नाही, पण कास्तकार, अडत्या, व्यापारी, हमाल सगळ्यांचा व्यवहार तिथे चालतो. यूपीआय तसेच आहे. ते २०१६ मध्ये नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने आणले. ॲप कोणतेही असो, पैसे एका बँकेतून दुसऱ्या बँकेत जातात. वेगवेगळ्या यंत्रणा ज्या ठराविक खिडकीतून एकमेकांना माहिती देतात, तिला ‘एपीआय’ म्हणतात. ठराविक नमुन्यात अर्ज द्या, ठराविक नमुन्यात उत्तर घ्या. ही खिडकी कशी असावी हे ठरवणे, हे या माणसाचे मोठे काम.

वाट कशी आहे?

ही बहुतेक वेळा पहिली नोकरी नसते. आधी प्रोग्रामर, टेस्टर, सपोर्ट किंवा बिझनेस अॅनालिस्ट म्हणून काही वर्षे काढावी लागतात. त्यासाठी इंजिनिअरिंग, डिप्लोमा, बीसीए यातले काहीही चालते. यवतमाळ आणि पुसदला अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. सरकारच्या ‘स्वयम्’ पोर्टलवर प्रोग्रामिंग आणि डेटाबेसचे कोर्स फुकट शिकता येतात, प्रमाणपत्राच्या परीक्षेला तेवढी फी लागते.

इंग्रजी वाचता-लिहिता आली पाहिजे, कारण कामाचे कागद त्याच भाषेत असतात. फाडफाड बोलता येत नाही म्हणून मागे हटू नका. मुद्देसूद लिहिणे जास्त महत्त्वाचे.

‘तीन महिन्यांत मॅनेजर, नोकरीची हमी’ अशी जाहिरात दिसली तर पैसे भरू नका. आधी तिथून शिकलेल्या दोघा-तिघांना गाठून ते आज कुठे आहेत ते विचारा. कर्ज काढून कोर्स लावण्याआधी पोराने फुकटचा एक कोर्स पूर्ण केला का, तेही पाहा.

सुरुवात गावातूनच

गावच्या पोराकडे एक भांडवल आधीच आहे : रेंज नसलेल्या वावरात ॲप कुठे अडते हे त्याने पाहिलेले असते. ते कागदावर उतरवायला शिका. यंदा गावात वापरात असलेले एक ॲप निवडा. दहा जणांजवळ बसून ते कसे वापरतात ते पाहा, मध्ये बोलू नका. कोण कुठे अडले ते लिहा. त्यातली सर्वात मोठी अडचण एक निवडा आणि एका पानावर मांडा : अडचण काय, कोणाला, किती जणांना, उपाय काय आणि उपाय लागू पडला हे कळणार कसे. पुढे मुलाखतीला जाल तेव्हा हे पान सोबत न्या.