रंगमंचावरील रंगीत प्रकाश : निवड आणि विवेक

आपल्या शाळेच्या एका स्नेहसंमेलनात १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेचा प्रसंग सादर झाला होता. सायंकाळचा आभास व्हावा म्हणून आम्ही सर्व दिव्यांवर गडद नारिंगी जिलेटिन लावले. पडदा उघडला आणि मुलांच्या हातांतील निळा ध्वज चक्क काळा दिसू लागला. सभागृहातील ती अस्वस्थ कुजबुज आम्ही विसरलेलो नाही. चूक आमचीच होती.

जिलेटिनचा कागद प्रकाशात रंग मिसळत नाही. तो काही रंग अडवतो, उरलेले जाऊ देतो. नारिंगी कागद तांबडा-पिवळा प्रकाश सोडतो आणि निळा रोखतो. निळ्या कापडाला परावर्तित करण्यास निळा प्रकाशच मिळाला नाही, तर ते काळेच दिसणार. याउलट दीक्षार्थींची शुभ्र वस्त्रे दिव्याचा जो रंग असेल तोच धारण करतात.

मग सायंकाळ दाखवावी कशी? त्याचे उत्तर आम्हांला कफ परेडच्या मच्छीमार नगरात, किनाऱ्यावर मिळाले. मावळतीचे ऊन होड्यांच्या एका बाजूवर सोनेरी पडते. सावलीची बाजू मात्र आकाशाच्या उजेडाने निळसर राहते. म्हणून एका बाजूने फिकट अंबर व दुसऱ्या बाजूने फिकट निळा प्रकाश द्यावा. सायंकाळही साधते, ध्वजही निळा राहतो.

चेहऱ्यांवर समोरून पडणारा प्रकाश नेहमी फिकट असावा. गडद रंग मागून वा बाजूने द्यावेत. हिरव्या प्रकाशात चेहरे आजारी दिसतात. आपल्या सावळ्या मुलांना उजळ ‘गोरे’ दाखविण्यासाठी गुलाबी प्रकाशाचा मारा करू नये. त्यांचे डोळे व भाव स्पष्ट दिसावेत, एवढेच प्रकाशाचे काम. गडद निळा कागद फारच थोडा प्रकाश सोडतो, म्हणून चांदण्याच्या दृश्यास अधिक दिवे लागतात.

छायाचित्रणातही हेच तत्त्व आहे. हॅलोजनचा प्रकाश सुमारे ३२०० केल्व्हिन, तर दिवसाचा सुमारे ५६०० केल्व्हिन असतो. खिडकीजवळ हॅलोजन वापरताना त्यावर रंगदुरुस्तीचा निळा कागद लावल्यास चेहरा अर्धा पिवळा, अर्धा निळा येत नाही.

भेटवस्तूंवरचा रंगीत कागद तापलेल्या दिव्यावर कधीही लावू नये. तो पेट घेऊ शकतो. उष्णतारोधक जिलेटिनच वापरावे आणि प्रत्यक्ष वेशभूषा व ध्वजासह रंगीत तालीम अवश्य घ्यावी.

पाहिल्यावाचून मानू नये, ही तथागतांची शिकवण रंगमंचावरही तितकीच खरी आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!